१९०८ चा बेसबॉल हंगाम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री शिकागो कब्सनी बेसबॉलची वर्ल्ड सिरीज जिंकली आणि अमेरिकेतल्या बऱ्याच मराठी घरांतून इकडच्या फॅमिली ग्रुपवर निळ्या टोप्यांचे फोटो आले. 'तब्बल १०८ वर्षांनी!' हा आकडा ऐकला की आपल्याला आधी जपमाळ आठवते. (बेसबॉलच्या चेंडूवर टाकेही १०८ जोड्यांचेच असतात, पण तो योगायोग.) फोटोंच्या मागोमाग प्रश्न यायचा, की १०८ वर्षांपूर्वी काय झालं होतं? हे पान त्यासाठी. वाचणारा क्रिकेटवर वाढलेला आहे असं धरून लिहिलंय.

एवढे हंगाम झाले, मग १९०८ च का?

कारण त्या वर्षी दोन्ही लीगमधल्या शर्यती अगदी शेवटपर्यंत गेल्या. नॅशनल लीगमध्ये कब्सनी ९९ सामने जिंकले, न्यूयॉर्क जायंट्सनी ९८ आणि पिट्सबर्ग पायरेट्सनीही ९८. अमेरिकन लीगमध्ये डेट्रॉइट टायगर्स आणि क्लीव्हलँड नॅप्स यांच्यात फरक राहिला तो अर्ध्या सामन्याचा. आणि या सगळ्याच्या मधोमध एकोणीस वर्षांच्या एका पोराने एका बेसला (धावताना शिवायच्या चार टप्प्यांपैकी एकाला) पाय लावला नाही. निदान तसं पंचांनी ठरवलं.

पुढच्या बेसला पाय लावायचा हा नियम पुस्तकात होता, सगळ्यांना ठाऊक होता आणि कुणीच पाळत नव्हतं. आपल्याकडे अशा नियमांची काही कमी नाही, म्हणून ही गोष्ट मराठी माणसाला चटकन कळेल असं मला वाटतं.

तेव्हा संघ किती होते, सामने किती व्हायचे?

दोन लीग, प्रत्येकी आठ संघ, आणि प्रत्येकाचे १५४ सामने. एप्रिलच्या मध्यात सुरुवात, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात शेवट. आजच्यासारखी बाद फेरी नव्हती. लीगमध्ये जो पहिला आला तो विजेता, आणि दोन लीगचे दोन विजेते वर्ल्ड सिरीजमध्ये भिडणार. दुसऱ्या क्रमांकाला काहीच किंमत नव्हती, म्हणून ९९ आणि ९८ मधला फरक एवढा मोठा.

'वर्ल्ड' या शब्दावर जाऊ नका. सगळ्यात पश्चिमेकडचा संघ सेंट लुईसचा, म्हणजे मिसिसिपी नदीच्या काठावरचा. त्यापलीकडे अर्धा देश मोकळाच होता. प्रवास रेल्वेने, आणि बरीच मैदानं लाकडी.

त्या काळचे स्कोअर १-०, २-१ असेच का दिसतात? बॅटिंग येत नव्हती का?

येत होती, पण चेंडू मरतुकडा होता. त्या काळाला बेसबॉलवाले 'डेड बॉल' जमानाच म्हणतात. १९०८ मध्ये एका संघाच्या सरासरी धावा सामन्याला साडेतीनच्याही खाली होत्या.

आज पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) हातातला चेंडू जरा मातीला लागला की अंपायर नवा देतो. तेव्हा जमेल तोवर एकच चेंडू चालायचा. प्रेक्षकांत गेला तर तो परत मागायचे. चौथ्या-पाचव्या इनिंगपर्यंत (एका इनिंगमध्ये दोन्ही संघ एकेकदा बॅटिंग करतात, तीन आउट होईपर्यंत; सामन्यात अशा नऊ) त्याला तंबाखूची थुंकी, चिखल, गवताचा रस असं सगळं लागून तो तपकिरी व्हायचा आणि शिवण सैल पडायची. त्यातून चेंडूला थुंकी लावून टाकणं कायदेशीर! असा 'स्पिटबॉल' हवेत कुठे वळेल ते टाकणाऱ्यालाही नीट सांगता यायचं नाही. संध्याकाळच्या उजेडात, मळका, वळणारा चेंडू, आणि बॅटरच्या डोक्यावर हेल्मेट नाही. १९२० मध्ये क्लीव्हलँडचा रे चॅपमन डोक्याला चेंडू लागून गेला, त्यानंतर स्वच्छ चेंडू वापरण्याबद्दल कडक धोरण आलं. नव्या पिचरांना थुंकीची बंदीही त्याच वर्षीची.

त्यामुळे होमरनच्या (एकाच फटक्यात बेसची पूर्ण फेरी मारण्याच्या) भानगडीत कुणी पडत नसे. अख्ख्या १९०८ मध्ये अमेरिकन लीगमधले सर्वाधिक होमरन सॅम क्रॉफर्डचे, एकूण ७. खेळ सगळा बंटचा (चेंडू बॅटने हलकेच टेकवण्याचा), बेस चोरण्याचा (फटक्याची वाट न बघता पुढच्या बेसवर पळण्याचा), एकेक पाऊल पुढे सरकण्याचा. आपल्या जुन्या कसोटीवाल्यांना आवडला असता.

२३ सप्टेंबरला पोलो ग्राउंड्सवर नेमकं काय झालं?

पोलो ग्राउंड्स म्हणजे न्यूयॉर्कमधलं जायंट्सचं घरचं मैदान. समोर कब्स. जायंट्सकडून ख्रिस्टी मॅथ्यूसन टाकतोय, कब्सकडून जॅक फीस्टर. १-१ बरोबरी, नवव्या इनिंगचा उत्तरार्ध, जायंट्सचे दोन आउट. आणखी एक आउट झाला की दहावी इनिंग, एक धाव आली की सामना खिशात.

तिसऱ्या बेसवर मूस मॅककॉर्मिक, पहिल्यावर फ्रेड मर्कल. मर्कल मुळात राखीव खेळाडू. नेहमीचा फ्रेड टेनी कंबर धरून बसला होता म्हणून त्या दिवशी याला सुरुवातीपासून उतरवलं, हंगामात पहिल्यांदाच. स्वतःच्या फटक्यावर मर्कल कदाचित दुसऱ्या बेसपर्यंतही गेला असता, पण उगाच धोका कशाला म्हणून पहिल्यावरच थांबला. म्हणजे पोरगं बेफिकीर नव्हतं, हे ध्यानात ठेवा.

मग अल ब्रिडवेलने पहिल्याच चेंडूवर मैदानाच्या मध्याकडे सणसणीत फटका मारला. तो इतका खालून गेला, की बेसवरचे अंपायर बॉब एम्सली अंग वाचवायला जमिनीवर आडवे झाले. मॅककॉर्मिक आरामात होम प्लेटवर (बॅटर उभा राहतो तो शेवटचा टप्पा, तिथे पोचलं की धाव) पोचला. २-१. लोक कठड्यावरून उड्या मारून मैदानात. आणि मर्कल, दुसऱ्या बेसच्या वाटेवर अर्ध्यात पोचलेला, वळला आणि क्लबहाउसकडे पळाला.

कब्सचा दुसऱ्या बेसवरचा जॉनी एव्हर्स मात्र तिथेच हात वर करून चेंडू मागत उभा होता. कब्सच्याच सोली हॉफमनने चेंडू आत फेकला. जायंट्सचा जो मॅगिनिटी तेव्हा तिसऱ्या बेसपाशी कोच म्हणून उभा होता. एव्हर्स काय करतोय ते त्याने ओळखलं, झटापट करून चेंडू मिळवला आणि गर्दीत भिरकावून दिला. थोड्या वेळाने एव्हर्स दुसऱ्या बेसवर पाय ठेवून, हातात एक चेंडू धरून अंपायरला हाका मारताना दिसला. तो तोच चेंडू होता का, यावर तिथे हजर असलेल्यांचंही कधी एकमत झालं नाही. कब्सवाले सांगायचे, की त्यांच्या एका राखीव पिचरने प्रेक्षकाच्या हातून तो हिसकावून आणला. मॅगिनिटीचं म्हणणं, चेंडू मी फेकला तो गेला.

एम्सली म्हणाले, मी पडलो होतो, मला दिसलं नाही. होम प्लेटमागचे हँक ओडे म्हणाले, मला दिसलं, मर्कल आउट, धाव रद्द.

पण धाव तर आधीच पूर्ण झाली होती ना? मग रद्द कशी?

हा प्रश्न प्रत्येक क्रिकेटवाला विचारतो, आणि बरोबरच विचारतो.

बेसबॉलमध्ये बॅटरने फटका मारला की त्याला पहिल्या बेसकडे धावावंच लागतं. मग पहिल्यावर जो आहे त्याला ती जागा सोडून दुसऱ्यावर जावंच लागतं, कारण एका बेसवर दोघं राहू शकत नाहीत. अशा सक्तीने निघालेल्या धावपटूला आउट करायला अंगाला चेंडू लावण्याची गरज नाही. चेंडू हातात घेऊन तो जिथे जाणार त्या बेसवर पाय ठेवला की झालं. याला 'फोर्स आउट' म्हणतात. आणि इनिंगचा तिसरा आउट जर फोर्स आउट असेल, तर त्याच खेळात कुणी आधी होम प्लेट ओलांडली असली तरी ती धाव धरत नाहीत.

ओळखीचं उदाहरण हवं तर असं समजा, शेवटच्या चेंडूवर एक धाव हवी आहे, फटका गेला, एक फलंदाज पलीकडे पोचलाय, पण दुसरा अर्ध्या पिचवरून बॅट उंचावत पॅव्हेलियनकडे निघाला आणि यष्टिरक्षकाने शांतपणे त्याच्या टोकाची बेल उडवली. धाव नाही, वर विकेट गेली.

मर्कलने पाय लावला का नाही? एवढी साधी गोष्ट!

कारण तेव्हा कुणीच लावत नसे. विजयी धाव आली की सगळ्यांनी क्लबहाउसकडे धूम ठोकायची, हीच पद्धत. पोलो ग्राउंड्सवर तर क्लबहाउस होतं मैदानाच्या पार टोकाला, आणि सामना संपला की प्रेक्षकांना मैदानातूनच बाहेर सोडायचे. त्या लोंढ्यात सापडलो तर टोपी, ग्लोव्ह काहीच शाबूत राहायचं नाही. मर्कलने आपल्याआधीच्या प्रत्येक खेळाडूला जे करताना पाहिलं, तेच केलं.

त्याला 'बिनडोक' ठरवणाऱ्या वर्तमानपत्रवाल्यांपैकी किती जणांनी आधीच्या दहा वर्षांत कधी दुसऱ्या बेसकडे नजर टाकली होती, हे विचारायला हवं होतं.

मग एव्हर्सला हे सुचलं कसं?

एकोणीस दिवसांपूर्वी त्याने हाच डाव टाकून पाहिला होता. ४ सप्टेंबरला पिट्सबर्गमध्ये, दहाव्या इनिंगमध्ये, पायरेट्सचा वॉरन गिल अगदी असाच दुसऱ्या बेसला न शिवता पळाला. एव्हर्सने चेंडू मागवला, बेसवर पाय ठेवला, अंपायरकडे दाद मागितली. अंपायर एकटेच होते, आणि कोण होते? हेच हँक ओडे. आपण ते पाहिलं नाही म्हणून त्यांनी नाकारलं, पायरेट्स १-० ने जिंकले. कब्सनी लीगकडे तक्रार केली, ती फेटाळली गेली. पण ओडेंच्या डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. पुढच्या वेळी ते दुसऱ्या बेसकडे बघत राहिले.

एव्हर्स किडकिडीत, वाद घालण्यात पटाईत, आणि नियमपुस्तक घेऊन झोपणारा माणूस म्हणून प्रसिद्ध होता. असा एक तरी प्रत्येक सोसायटीच्या वार्षिक सभेत असतो. लोक त्याला कंटाळतात, पण उपविधी त्यालाच पाठ असतात.

मर्कल आउट, तर दहावी इनिंग का खेळली नाही?

मैदानात हजारो लोक होते आणि अंधार पडत होता. ओडेंनी सामना बरोबरीत सुटल्याचं जाहीर केलं. जायंट्स म्हणाले, आम्ही २-१ ने जिंकलोय. कब्स म्हणाले, यजमानांना मैदान रिकामं करता आलं नाही, तेव्हा सामना आम्हाला द्या. लीगचे अध्यक्ष हॅरी पुलियम यांनी दोघांनाही नाही म्हटलं आणि बरोबरी कायम ठेवली. अपील लीगच्या संचालकांपर्यंत गेलं. त्यांनीही तेच ठरवलं, आणि पुढे जोडलं, की विजेतेपद यावरच अडलं तर ८ ऑक्टोबरला पुन्हा खेळा.

आणि अडलंच?

अडलंच. मधल्या दोन आठवड्यांत जायंट्सचा घामटा निघाला. फिलाडेल्फियाच्या हॅरी कोव्हलेस्की नावाच्या नवख्या डावऱ्या पिचरने त्यांना पाच दिवसांत तीनदा हरवलं. तेवढ्यासाठी त्याला जन्मभर 'जायंट किलर' म्हणत राहिले. ४ ऑक्टोबरच्या रविवारी शिकागोत कब्सनी पायरेट्सना ५-२ ने हरवलं आणि होनस वॅग्नरचा संघ बाहेर पडला. जायंट्सना बोस्टनविरुद्धचे तिन्ही सामने जिंकणं भाग होतं, ते त्यांनी जिंकले. कब्स ९८ विजय, ५५ पराभव. जायंट्स ९८ विजय, ५५ पराभव.

८ ऑक्टोबरचा सामना कसा झाला?

गर्दीचं वर्णन वाचलं की छाती दडपते. मैदान भरल्यावर दारं बंद केली, तर लोक कुंपणावर, शेजारच्या टेकाडावर, उन्नत रेल्वेच्या खांबांवर चढले. सामन्याआधी अंपायरांना लाच देऊ केल्याचं प्रकरणही नंतर बाहेर आलं.

पहिल्याच इनिंगमध्ये फीस्टर ढेपाळला. कब्सचा मॅनेजर आणि पहिल्या बेसवरचा खेळाडू फ्रँक चान्स याने लगेच मॉर्डेकाय ब्राउनला आणलं. ब्राउनच्या उजव्या हाताबद्दल सांगायलाच हवं. इंडियानातल्या शेतावर लहानपणी चारा कापायच्या यंत्रात त्याचा हात गेला. तर्जनी जवळजवळ सगळी गेली. पुढे पडून आणखी बोटं मोडली ती वाकडीच जुळली. त्या तुटक्या बोटाच्या खुंटावर चेंडू टेकवून तो टाकायचा, आणि तो असा काही खाली वळायचा, की चांगल्या पंज्याच्या पिचरांनी हेवा करावा. लोक त्याला 'थ्री फिंगर' म्हणत. १९०८ मध्ये त्याने २९ सामने जिंकले (बेसबॉलमध्ये संघाचा विजय पिचरच्याही नावावर लागतो).

समोर मॅथ्यूसन, त्या हंगामात ३७ विजय मिळवलेला, पण थकलेला. तिसऱ्या इनिंगमध्ये कब्सच्या जो टिंकरचा फटका जायंट्सच्या सेंटरफील्डमधल्या साय सायमूरच्या डोक्यावरून गेला आणि धरण फुटलं. चार धावा. जायंट्सना पहिल्या इनिंगमधली एक आणि सातव्यातली एक, बस. ४-२.

शेवटचा आउट होताच कब्स जीव मुठीत धरून पळाले. चान्सच्या मानेवर कुणीतरी ठोसा हाणला. पोलिसांच्या बंदोबस्तात त्यांना बाहेर काढावं लागलं.

अमेरिकन लीगमध्ये 'अर्ध्या सामन्याचा' फरक म्हणजे काय?

टायगर्स ९० विजय, ६३ पराभव. नॅप्स ९० विजय, ६४ पराभव. बेरीज करून बघा, टायगर्स एक सामना कमी खेळले. त्यांचा पावसाने वाहून गेलेला एक सामना पुन्हा घेतला गेला नाही, कारण तेव्हाच्या नियमात तशी सक्ती नव्हती. तो घेतला असता आणि टायगर्स हरले असते, तर दोन्ही संघ बरोबरीत! क्लीव्हलँडवाल्यांनी किती बोटं मोडली असतील, कल्पना करा. यानंतर नियम बदलला. निकालावर परिणाम होणार असेल तर राहिलेला सामना खेळायलाच लागतो.

शिकागो व्हाइट सॉक्सही शेवटच्या दिवसापर्यंत शर्यतीत होते. ६ ऑक्टोबरला टायगर्सनी त्यांना त्यांच्याच मैदानावर ७-० ने झोपवलं, तेव्हा कुठे प्रकरण मिटलं.

याच टायगर्सचा टाय कॉब, लीगमधला सर्वोत्तम बॅटर, ऐन ऑगस्टमध्ये संघ सोडून जॉर्जियाला गेला. दुखापत नाही, लग्न होतं. काही दिवसांनी बायकोला घेऊन परत आला आणि खेळायला लागला. मुहूर्त जरा पुढे ढकलायला काय झालं होतं, असं डेट्रॉइटमध्ये कुणी म्हटलं असणारच.

पिचरांचे आकडे खरे वाटत नाहीत. ४० विजय?

खरे आहेत. व्हाइट सॉक्सच्या एड वॉल्शने ४० सामने जिंकले आणि ४६४ इनिंग टाकल्या. आजचा पिचर हंगामात २०० टाकल्या तरी कौतुकाचा विषय होतो.

२ ऑक्टोबरला क्लीव्हलँडमध्ये या वॉल्शने १५ जणांना स्ट्राइक आउट (फटका न मारू देता तीन स्ट्राइकवर बाद) केलं आणि तरी हरला. कारण पलीकडे ॲडी जॉस होता. त्याच्यासमोर २७ बॅटर आले आणि २७ च्या २७ त्याने परत पाठवले. एकही पहिल्या बेसपर्यंत पोचला नाही. स्कोअर १-०. याला 'परफेक्ट गेम' म्हणतात. शर्यत गळ्याशी आलेली असताना, थेट प्रतिस्पर्ध्याविरुद्ध, ७४ चेंडूंत. जॉस अडीच वर्षांनी, एकतिसाव्या वर्षी आजारपणात गेला.

वॉशिंग्टनचा विशीतला वॉल्टर जॉन्सन ४, ५ आणि ७ सप्टेंबर असा तीनदा न्यूयॉर्क हायलँडर्सविरुद्ध (न्यूयॉर्कचा अमेरिकन लीगमधला संघ) उतरला आणि तिन्ही सामन्यांत एकही धाव दिली नाही. मधल्या ६ तारखेला का नाही? रविवार होता, आणि न्यूयॉर्कमध्ये रविवारी व्यावसायिक सामने खेळायला कायद्याने बंदी होती.

आणि कब्सचा एड रॉयलबाक. २६ सप्टेंबरला ब्रुकलिनविरुद्ध एकाच दिवशी दोन सामने होते. त्याने दोन्ही टाकले, १८ इनिंग, एकही धाव नाही. मेजर लीगमध्ये असं आजवर दुसऱ्या कुणाला जमलेलं नाही.

टिंकर आणि एव्हर्स एकमेकांशी बोलत नव्हते हे खरं का?

खरं. १९०५ मध्ये टांग्यावरून भांडले. एकजण दुसऱ्याला न घेताच टांगा करून पुढे निघून गेला, म्हणून! त्यानंतर अनेक वर्षं शेजारी-शेजारी उभे राहून, डोळ्यांच्या इशाऱ्यावर देशातला नावाजलेला डबल प्ले (एकाच फटक्यावर दोन आउट) करत राहिले आणि खेळापलीकडे अक्षर बोलले नाहीत. चाळीत अशा जोड्या असतात. नळावर भेटतात, बादली सरकवतात, बोलत नाहीत.

खेळाडूंना पैसे किती मिळायचे?

स्टार असाल तर बरे. पिट्सबर्गचा होनस वॅग्नर हंगामाआधी 'आता पुरे, निवृत्त होतो' म्हणाला आणि १०,००० डॉलरवर परत आला. मग .३५४ च्या सरासरीने (दर हजार संधींत ३५४ यशस्वी फटके) बॅटिंग करून पैसे फेडलेही. जायंट्सनी रूब मार्क्वार्ड नावाचा पोरगा ११,००० डॉलर मोजून विकत घेतला. पहिल्याच सामन्यात त्याची धुलाई झाली आणि वर्तमानपत्रांनी त्याचं नाव '११,००० डॉलरचं लिंबू' ठेवलं. पुढे तो उत्तम पिचर झाला, ती गोष्ट वेगळी.

बाकीच्यांची पंचाईत अशी, की करारात एक कलम असायचं. त्याने करार संपला तरी खेळाडूवर हक्क क्लबचाच. दुसरीकडे जायची सोय नाही. मालक देईल ते घ्या, नाहीतर शेती करा.

कृष्णवर्णीय खेळाडू होते का?

या सोळा संघांत एकही नाही. लेखी नियम नव्हता, मालकांचा आपसातला समज होता. तो १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सनने मोडला. १९०८ मध्ये शिकागोतच लेलंड जायंट्स नावाचा कृष्णवर्णीयांचा दमदार संघ खेळत होता आणि त्यात रूब फॉस्टरसारखा पिचर होता. त्यामुळे 'त्या काळचे सर्वोत्तम' म्हणताना जरा जीभ चावावी. पुस्तकातला नियम कुणी पाळला नाही म्हणून मर्कल फसला, आणि पुस्तकात नसलेला हा नियम मात्र सगळ्यांनी पाळला.

रेडिओ नव्हता, मग स्कोअर कसा कळायचा?

तारेने. मैदानावरून तार जायची, वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांबाहेर मोठे फळे लावलेले असायचे, आणि रस्ता अडवून लोक त्या फळ्याकडे बघत उभे राहायचे. आपल्याकडे नंतर पानपट्टीवरच्या ट्रान्झिस्टरभोवती जमायचे तसेच. मैदानात तर खेळाडूंच्या पाठीवर नंबरही नसत. एक माणूस कर्णा घेऊन नावं ओरडायचा.

वर्ल्ड सिरीजचं काय?

खरं सांगायचं तर फुसकी निघाली. कब्सनी टायगर्सना ४-१ ने हरवलं. आदल्या वर्षीही त्यांनी याच टायगर्सना लोळवलं होतं. १४ ऑक्टोबरला डेट्रॉइटच्या बेनेट पार्कवर शेवटचा सामना ऑर्व्हल ओव्हरॉलने २-० असा काढला, दीड तासाच्या आत. प्रेक्षक ६,२१०. वर्ल्ड सिरीजच्या इतिहासातली ही सर्वात कमी गर्दी. न्यूयॉर्कमध्ये सहा दिवसांपूर्वी लोक खांबांवर लटकत होते, आणि विश्वविजेते ठरताना बाकडी रिकामी! शिकागोकरही तिकिटांच्या काळ्याबाजारावरून क्लबच्या मालकावर उखडलेले होते. त्या ६,२१० जणांना आपण पुढची १०८ वर्षं टिकणारी गोष्ट बघतोय याची कल्पना असायचं काही कारण नव्हतं.

त्या वेळचं कब्सचं मैदान म्हणजे आजचं रिग्ली फील्ड का?

नाही. रिग्लीमध्ये ते १९१६ पासून खेळतात. तेव्हा ते वेस्ट साइड पार्कवर खेळायचे. पोलो ग्राउंड्सही आता नाही, तिथे उंच इमारतींची वसाहत आहे.

हॅरी पुलियम यांचं पुढे काय झालं?

दुःखद आहे. न्यूयॉर्कच्या लोकांनी आणि क्लबने त्यांना वर्षभर धारेवर धरलं. आधीच हळव्या स्वभावाचे, त्यात मन ढासळलं आणि त्यांना रजा घ्यावी लागली. जुलै १९०९ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कमध्ये स्वतःचा जीव घेतला. एका सामन्याच्या निकालाने माणूस गेला असं म्हणणं फार सोपं होईल, पण त्या निकालाचं ओझं त्यांच्यावर होतं हे खरं.

आणि मर्कलचं?

जन्मभर 'बोनहेड', म्हणजे बिनडोक. गंमत म्हणजे जायंट्सचा मॅनेजर जॉन मॅकग्रॉ, ज्याच्या तोंडाला सगळे टरकून असत, त्याने मर्कलला कधी बोल लावला नाही. पुढच्या वर्षी पगार वाढवून दिला. मर्कल मेजर लीगमध्ये सोळा हंगाम खेळला, चांगला खेळला. पाच वर्ल्ड सिरीजमध्ये उतरला आणि पाचही हरला. त्यातली एक, १९१८ ची, कब्सकडून!

तो मैदानांपासून बरीच वर्षं लांबच राहिला. १९५० मध्ये जायंट्सनी जुन्या खेळाडूंच्या कार्यक्रमाला बोलावलं तेव्हा एकदाचा गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. १९५६ मध्ये फ्लोरिडात वारला.

ज्याने तो फटका मारला, त्या ब्रिडवेलला कुणी काही विचारलं का?

हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही, माझा आवडता आहे. मर्कल फोर्स आउट झाला म्हणजे बेसबॉलच्या हिशेबाने ब्रिडवेलचा फटका 'हिट' (बॅटरच्या खात्यात जमा होणारा यशस्वी फटका) राहत नाही. मॅथ्यूसनच्या संघाला सामना जिंकून देणारा, अंपायरला आडवा करणारा, स्वच्छ मधोमध गेलेला फटका वहीत शून्य म्हणून लागला.

म्हातारपणी त्याला याबद्दल विचारलं तेव्हा त्याने त्या हिटचं दुःख केलं नाही. चेंडू येण्याआधी पहिल्या बेसकडे पाहिलं तर मर्कल बराच पुढे सरकलेला दिसला, म्हणून मी जरा बाजूला होऊन त्याला मागे सरकायला वेळ दिला, हे त्याला आठवत होतं. आणि तो म्हणाला, त्यापेक्षा मी तेव्हा स्ट्राइक आउट झालो असतो तर बरं, त्या पोराचा पुढचा त्रास तरी वाचला असता.